अंगठ्याची सही आणि बँकेचा परवाना

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली, तेव्हा गांधीजींच्या आग्रहावरून मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे, अशी अट तीत आली. संस्थानातली आटपाडी आणि सीमेपलीकडचे म्हसवड, दोन्ही दुष्काळी माणदेशातली. पुढे नव्वदीच्या दशकात म्हसवडच्या बायकांना जवळपास हीच अट आडवी आली. या खेपेला ती रिझर्व्ह बँकेची होती.

सुरुवात झाली एका ताडपत्रीपासून. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला ताडपत्री हवी होती आणि त्यासाठी रोजच्या कमाईतले थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्याशा रकमेचे खाते उघडायला कुठलीच बँक तयार होईना. म्हसवडच्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी मग बायकांचीच बँक काढायचे ठरवले. अर्ज गेला आणि परत आला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. बायका अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी त्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. १,३३५ सभासदांनी जमवलेले सुमारे सात लाख रुपये हे तिचे भांडवल.

ठेवीदारांचा पैसा ज्याच्या हाती द्यायचा, त्याची पारख कडकच हवी. रिझर्व्ह बँकेचे तेवढे बरोबर होते; चुकले ते माप. म्हसवडच्याच जिल्ह्यात, साताऱ्याला, अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ साली स्थापन केलेली युनायटेड वेस्टर्न बँक होती. शिकलेले संचालक, सत्तर वर्षांचा लौकिक, राज्याबाहेरही शाखा. भांडवल निकषाच्या खाली घसरले आणि २ सप्टेंबर २००६ रोजी तिच्यावर निर्बंध आले. खातेदाराला दहा हजारांपलीकडे हात लावता येईना. महिनाभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. सही तिथे सगळ्यांनाच येत होती.

म्हसवडला ठेवी कशा येतात, ते पाहण्यासारखे आहे. बँकेत यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बँकेची माणसे दारात आणि बाजारात जाऊन पैसे गोळा करतात. पासबुक घरी नेले की नवऱ्याला शिल्लक कळते, म्हणून बायकांनी कार्ड मागितले. कार्डाचा पिनही घरात कळू शकतो, तेव्हा बोटाचा ठसा द्या, हेही त्यांनीच सुचवले. ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला, तोच आता कुलूपकिल्ली झाला. रोज थोडे थोडे, हजारो घरांतून येणारे हे पैसे अफवेसरशी एका दिवसात निघून जाणाऱ्यांतले नाहीत. बड्या ठेवीदारांवर उभ्या असलेल्या बँकेला ही निश्चिंती नसते. दुष्काळ मात्र इथला पक्का पाहुणा; चाऱ्यासाठी दागिने गहाण टाकायला बायका याच बँकेत आल्या.

२००४ साली रिझर्व्ह बँकेने नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने देणे थांबवले. बुडालेल्या बँका पाहता तेव्हा ते गरजेचेही असेल. पण हे दार कायमचे बंद ठेवून चालणार नाही, आणि परवान्याचा कागद ज्यांच्या टेबलावर येईल त्यांनी अर्जदाराच्या पदव्या मोजण्याआधी एकदा तिच्या गावच्या आठवडी बाजारात जाऊन तिचा हिशेब बघावा.