ऑपरेटिंग सिस्टमचे नव्या डिस्कवर स्थलांतर

छायाचित्रे, पत्रे किंवा हिशेबाच्या फायली एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर नेण्यासाठी त्यांची नक्कल पुरते. परंतु ऑपरेटिंग सिस्टमची, म्हणजे संगणकाची सर्व यंत्रणा चालवणाऱ्या मूळ आज्ञावलीची, प्रत्येक फाइल जशीच्या तशी उतरवून घेतली तरी नव्या डिस्कवरून संगणक बहुधा सुरू होत नाही, कारण सुरुवातीला लागणारी काही माहिती या फायलींच्या बाहेर असते आणि जी फायलींमध्ये असते तिच्यात जुन्या डिस्कची ओळख लिहिलेली असते.

संगणकाला वीज मिळताच मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम साठवलेली छोटी आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, प्रथम जागी होते. पीसी डॉसच्या 1983 मधील 2.0 आवृत्तीपासून रूढ झालेल्या एमबीआर पद्धतीत हे फर्मवेअर डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे 512 बाइटांचा पहिला कप्पा, वाचते. त्यातील 446 बाइटांत पुढची आज्ञावली शोधण्याच्या सूचना, 64 बाइटांत चार विभागांची नोंद आणि उरलेल्या दोन बाइटांत सेक्टर वैध असल्याची खूण असते. हा सेक्टर कोणत्याही फोल्डरमध्ये दिसत नाही, म्हणून फायलींची नक्कल करणाऱ्याच्या हातून तो हमखास सुटतो. विभागाचा आकार 32 बिटांत लिहिल्यामुळे 512 बाइटांच्या सेक्टरांच्या डिस्कवर ही पद्धत सुमारे 2.2 टेराबाइटांपाशी थांबते. तिची जागा घेणाऱ्या जीपीटी पद्धतीत विभागांची नोंद डिस्कच्या आरंभी आणि अखेरीस अशी दोनदा ठेवली जाते. त्यामुळे लहान डिस्कची हुबेहूब प्रत मोठ्या डिस्कवर उतरवली की राखीव नोंद मध्येच कुठेतरी अडकते आणि ती मुद्दाम शेवटी हलवावी लागते.

खरी गुंतागुंत ओळखीची आहे. जीपीटीमधील प्रत्येक विभागाला 128 बिटांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि विंडोजची बूट नोंदवही, म्हणजे प्रणाली कोठून सुरू करायची हे सांगणारी यादी, अशाच ओळखीवर विसंबते. लिनक्समध्ये कोणता विभाग कोठे जोडायचा हे सांगणारी एफएसटॅब फाइलही बहुधा फाइल-व्यवस्थेच्या अशा ओळखक्रमांकावरच चालते. नव्या डिस्कवर नवे विभाग आखून फायली उतरवल्या तर क्रमांक बदलतात आणि जुन्या नोंदी निरर्थक ठरतात. उलट, सेक्टरमागून सेक्टर उतरवून क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, केली तर दोन्ही डिस्कांची ओळख एकच होते. अशा वेळी विंडोज त्यांतील एकीला बाजूला ठेवते, तर लिनक्स नकळत जुनीच डिस्क जोडून घेऊ शकते, आणि वापरणाऱ्याला आपले काम नव्या डिस्कवर साठते आहे असे वाटत राहते. क्लोननंतर संगणक पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी, हा नियम म्हणूनच कधीही टाळू नये.

डिस्कचा प्रकार बदलला, उदाहरणार्थ साटा जोडणीच्या जागी एनव्हीएमई आली, तर आणखी एक पेच उभा राहतो. डिस्क वाचण्यासाठी तिचा ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्रभागाशी बोलणारी आज्ञावली, लागतो आणि तो ड्रायव्हर त्याच डिस्कवर असतो. लिनक्स यासाठी आवश्यक ड्रायव्हरांचे एक छोटे गाठोडे बूटलोडरकरवी, म्हणजे प्रणालीला मेमरीत आणणाऱ्या आज्ञावलीकरवी, आधीच मेमरीत आणते, म्हणून डिस्क बदलण्यापूर्वी त्या गाठोड्यात नवा ड्रायव्हर आहे याची खात्री करावी लागते. विंडोजमध्ये तो ड्रायव्हर सुरुवातीलाच चालू होईल अशी नोंद नसेल, तर बूटसाठीची डिस्क सापडत नसल्याची निळी पाटी दिसते.

स्थलांतराचे कारण जुनी डिस्क बिघडत चालली आहे हे असेल, तर क्रमही बदलावा लागतो. साधे क्लोन-साधन खराब सेक्टरापाशी अडखळते किंवा तेथेच वारंवार वाचन करून डिस्कचे उरलेसुरले आयुष्य संपवते. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मुक्त साधन मात्र आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, खराब जागांची नोंद एका नकाशा-फाइलमध्ये ठेवते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी काम जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू करता येते.