तीन पायांचे आसन

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण सोपी आहे. पण जनाचे ऐकायचे कसे, हे ती सांगत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी एक लाकडी आसन तयार केले आणि ते निरनिराळ्या माणसांना दाखवून त्यांचे मत विचारले, तेव्हा हाच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. हाताने केलेल्या आणि नेहमीच्या साच्यात न बसणाऱ्या वस्तूबद्दल मत कसे घ्यावे, त्यातले काय धरावे आणि काय सोडावे, यासंबंधी जे शिकले ते येथे थोडक्यात मांडत आहे.

प्रथम वस्तूविषयी. आमच्या घरी अभ्यास जमिनीवर मांडी घालून होतो. पाटावर बसले तर पाठ टेकायला आधार नसतो, आणि खुर्चीवर बसले तर मांडी मावत नाही. साधारण खुर्चीची बैठक १६ ते १८ इंच रुंद आणि जमिनीपासून सुमारे १८ इंच उंच असते. मी घरातल्या आणि शेजारच्या माणसांना मांडी घालून बसवले व एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचे अंतर मोजले. ते २५ ते २९ इंच भरले. म्हणून मी ३० इंच रुंद, २२ इंच खोल, जमिनीपासून फक्त १० इंच उंच आणि मागे पाठ असलेले आसन योजले. पाट आणि खुर्ची यांच्या मधली ही वस्तू.

त्याला पाय मात्र तीनच ठेवले. आमच्या पडवीतली शहाबादी फरशी खालवर आहे. तिच्यावर चार पायांचे कोणतेही टेबल डुगडुगते आणि एका पायाखाली कागदाची घडी घालावी लागते. याचे कारण भूमितीत आहे. कोणतेही तीन बिंदू नेहमी एका पातळीत येतात; चौथा त्याच पातळीत येईल असे नाही. चुलीला तीन दगड पुरतात, तिवई कशाही जमिनीवर उभी राहते, फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याच्या घोडीलाही तीनच पाय असतात, ते याचमुळे. मी मागच्या दोन कोपऱ्यांत दोन पाय आणि पुढे मधोमध एक पाय दिला.

माझे वडील, अण्णा, सुतार आहेत. लाकूड, हत्यारे आणि जागा त्यांची, आकार माझा. बैठकीला आंब्याच्या फळ्या आणि पायांना बाभूळ वापरली. करवतीने कापणे व रंधा मारणे मला लहानपणापासून येते, पण पायाचे टोक भोकात घट्ट बसवण्यासाठी पटाशी चालवताना अण्णांनी दोनदा माझा हात धरला. आकाराबद्दल ते एवढेच म्हणाले, ‘‘आधी कर. मग बोलू.’’ अलीकडे लोक आयते प्लायवूडचे सामान घेतात आणि अण्णांकडची कामे कमी झाली आहेत. ही वस्तू नीट साधली तर त्यांना करून विकता येईल, अशी माझी आशा होती. न साधली आणि कोणी पडले, तर लोक माझे नाव घेणार नव्हते, अण्णांचे घेणार होते.

आसन तयार झाल्यावर मी जो येईल त्याला विचारू लागले, ‘‘कसे झाले आहे?’’ उत्तरे अशी मिळाली : ‘छान.’ ‘मुलीच्या मानाने फारच छान.’ ‘देव्हारा ठेवायला केलेस का?’ ‘एक पाय करायचा विसरलीस वाटते!’ आठ दिवसांत वीसएक माणसांनी मत दिले, पण त्यातून रंध्याचा एक हातसुद्धा कुठे मारावा हे कळले नाही.

विचार करता लक्षात आले की दोष माणसांचा नव्हता, माझ्या प्रश्नाचा होता. ‘कसे झाले आहे?’ असे करणाऱ्यानेच विचारले की भला माणूस करणाऱ्याचे मन राखतो. शिवाय सगळ्यांनी आसन उभ्यानेच, वरून पाहिले होते. बसण्याच्या वस्तूबद्दल उभ्या माणसाने दिलेले मत हे तिच्या दिसण्याबद्दलचे मत असते. ‘मुलीच्या मानाने’ हे शब्द ऐकून मला बरे वाटले होते, हेही कबूल केले पाहिजे. पण ते मत माझ्याविषयी होते, आसनाविषयी नव्हते.

याच सुमारास आमच्या सरांनी वर्गात एका अहवालाचा उल्लेख केला. अमेरिकेतील चार्ल्स आणि रे ईम्स या प्रसिद्ध रचनाकार दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्या देशात फिरून १९५८ साली एक अहवाल लिहिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली ती त्याच्याच आधाराने. त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचा विचार केला आहे. लोटा सुंदर आहे की नाही, एवढ्यावर ते थांबत नाहीत. त्यात पाणी किती मावावे, तो हातात, कमरेवर की डोक्यावर न्यायचा, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, त्याची किंमत काय, असे प्रश्न ते मांडतात. हे सगळे प्रश्न वापराचे आहेत. मला वाटले, आपणही असेच विचारायला हवे होते.

म्हणून मी विचारणेच बंद केले आणि काम देऊ लागले. येणाऱ्याला म्हणायचे, ‘‘जरा यावर बसून एवढ्या शेंगा सोलून देता का?’’ किंवा ‘‘हा धडा वाचून पाहता का?’’ आणि आपण बाजूला बसून वहीत नोंद करायची : माणूस किती वेळाने हलला, हात कुठे ठेवला, पाठ टेकली की नाही, उठला कसा. अर्ध्या तासात माणूस जे तोंडाने सांगत नाही ते त्याचे अंग सांगते. शेजारच्या काकांनी ‘उत्तम’ म्हटले, पण पाठ एकदाही टेकली नाही. पाठ फार उभी होती. माझ्या वर्गमैत्रिणीने दहा मिनिटांत आपली ओढणी घडी करून घोट्याखाली घेतली. मांडी घातली की घोट्याचे हाड फळीवर टेकते, हे मला मापे घेताना सुचलेच नव्हते. त्या जागी फळी किंचित खोलगट हवी होती.

मग आजी बसली. तिने सुपातले तांदूळ सगळे निवडले, काही बोलली नाही. काम संपल्यावर उठण्यासाठी तिने उजवा तळवा पुढच्या उजव्या कोपऱ्यावर टेकला आणि त्यावर भार दिला. मागचा डावा पाय उचलला गेला आणि आसन कलंडले. अण्णा हाताच्या अंतरावर होते म्हणून त्यांनी तिला दंडाला धरून सावरले. तांदूळ पडवीभर झाले. मला कोणी रागावले नाही. मी तांदूळ गोळा केले, आसन माळ्यावर टाकले आणि दोन दिवस त्याचे नाव काढले नाही.

ते का कलंडले याचा उलगडा कठीण नाही. वस्तूचे पाय जमिनीला जिथे टेकतात ते बिंदू जोडले तर एक आकृती होते. वस्तू आणि तिच्यावरचे ओझे यांचा एकूण भार त्या आकृतीच्या आत पडतो तोवर वस्तू स्थिर असते. बाहेर पडला की ती कलंडते. चार पायांची आकृती चौकोन असते आणि ती बैठकीच्या कोपऱ्यांपर्यंत पोचते. तीन पायांची आकृती त्रिकोण असते. माझी बैठक चौकोनी होती आणि तिच्याखाली त्रिकोण होता. पुढचे दोन्ही कोपरे त्याच्या बाहेर, अधांतरी होते. तीन पाय डुगडुगत नाहीत हे मी बरोबर शिकले होते, पण ते लवकर उलटतात हे विसरले होते.

ही चूक थोरांच्याही हातून झालेली आहे, हे पुढे ग्रंथालयात वाचले. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने रसीन या गावी जॉन्सन वॅक्स कंपनीची कचेरी बांधली. ती १९३९ मध्ये सुरू झाली. तिथल्या कारकुनांसाठी त्याने तीन पायांच्या खुर्च्या योजल्या. दोन्ही पावले जमिनीवर ठेवून नीट बसले तर खुर्ची स्थिर राही. वेडेवाकडे बसले, एका बाजूला वाकले की ती उलटे. खुद्द राइटच एकदा तिच्यावरून पडला अशी गोष्ट सांगतात. पुढे त्या खुर्च्यांना चौथा पाय देण्यात आला.

अण्णांनीही तेच सुचवले. ‘‘चौथा पाय लाव आणि मोकळी हो.’’ पण मग फरशीवर डुगडुगणे पुन्हा आलेच. वाट दाखवली ती आजीने. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, ‘‘अगं, मांडी पुढं पसरते, मागं न्हाई. तू पाय उलटे लावलेस.’’ मी खडू घेऊन भावाला जमिनीवर मांडी घालून बसवले आणि त्याच्याभोवती रेघ ओढली. आजीचे शब्द खरे होते. मांडी घातलेला माणूस पुढे गुडघ्यांशी रुंद आणि मागे अरुंद असतो. तो स्वतःच जवळजवळ त्रिकोण असतो!

मग दोन पाय पुढे गुडघ्यांखाली घेतले आणि एक मागे, थोडा बाहेर कललेला. मागचे दोन्ही कोपरे कापून बैठकच त्रिकोणी केली व कडा गोल केल्या. आता उठताना हात जिथे टेकतो तिथे बरोबर खाली पाय आहे. पाठही अरुंद केली आणि थोडी कलती बसवली. यावेळी माणसांना बसवण्याआधी २० किलो धान्याचे पोते प्रत्येक कडेवर ठेवून पाहिले. मागे डाव्या बाजूला एका जागी पाय उचलत होता. तिथली कड आणखी दीड इंच कापली. या आसनावर उभे मात्र राहू नये. ते बसण्यासाठीच आहे.

एक दोष बसणाऱ्या कोणालाच कळला नसता. तो अण्णांनी आसन उलटे करून दाखवला. बैठकीच्या फळ्या मी खालच्या आडव्या पट्टीला खिळ्यांनी पक्क्या ठोकल्या होत्या. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पण हे फुगणे-आकसणे रुंदीत होते, लांबीत जवळजवळ नसतेच. फळी रुंदीत हलू पाहते, खिळे तिला हलू देत नाहीत, आणि अखेर फळी चिरते. अण्णांनी खिळे काढून पट्टीला लांबट भोके पाडली व त्यांतून स्क्रू बसवले, म्हणजे फळीला दोन सूत सरकायला जागा राहिली. यावरून मला वाटते की प्रत्येकाला सगळे विचारू नये. बसणाऱ्याला बसण्याचे विचारावे, कारागिराला सांध्याचे विचारावे, आणि घेणाऱ्याला किमतीचे.

आता राहिला प्रश्न ‘करावे मनाचे’ याचा. सगळ्यांचे सगळे ऐकले असते तर माझे आसन चार पायांचे, सनमायका लावलेले आणि १८ इंच उंच झाले असते, म्हणजेच खुर्ची! नवीन आकार पाहिला की माणसाच्या मनात शंका येते, आणि ती प्रत्येक वेळी खरी असते असे नाही. जॉर्ज नाकाशिमा हा जपानी वंशाचा अमेरिकन लाकूडकारागीर. १९३० नंतरच्या दशकात तो पाँडिचेरीच्या आश्रमातील गोलकोंड या इमारतीच्या कामावर होता, आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या त्या डिझाइन संस्थेतही त्याने काम केले. त्याची एक प्रसिद्ध लाकडी खुर्ची दोनच पायांची आहे. पाय मागे आहेत, ते जमिनीवरच्या दोन आडव्या पट्ट्यांत बसवले आहेत, आणि बैठकीची पुढची बाजू अधांतरी आहे. ती टिकेल का, अशी शंका घेतली गेली. खुर्ची टिकली. शंकेला उत्तर वादाने मिळत नाही. पोते ठेवून पाहावे लागते. ‘एक पाय विसरलीस’ या चेष्टेतही एक शंका होतीच. तेव्हाच पोते ठेवून पाहिले असते तर आजीवर तो प्रसंग आला नसता.

आजी आता त्याच आसनावर बसून तांदूळ निवडते. पण बसण्यापूर्वी ती प्रत्येक वेळी दोन्ही कोपऱ्यांवर हाताने भार देऊन पाहते. मी हे वहीत लिहून ठेवले आहे. अण्णांनी दुसरे आसन उरलेल्या सागवानातून करायला घेतले आहे, आणि त्याचे पाय मला न विचारता दोन सूत जाड ठेवले आहेत. त्याचे कारण अजून विचारायचे आहे.

येत्या स्नेहसंमेलनाच्या हस्तकला प्रदर्शनात पहिले आसन ठेवण्याचा विचार आहे. वाचक मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एकच विनंती : ‘छान’ म्हणू नये. एखादे पुस्तक घेऊन अर्धा तास बसावे. मी वही घेऊन जवळच असेन.