मालकाच्या नावाचा रकाना

मोहाडी तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. धान खरेदीची नोंदणी, सातबारा, शिष्यवृत्ती, सगळं चालतं. बिडी वळणारी बाई समोर बसली की गाडी एकाच रकान्यापाशी अडते: मालकाचं नाव.

ती ठेकेदाराचं नाव सांगते. ठेकेदार म्हणतो, मी फक्त माल पोचवतो. कारखाना म्हणतो, ही बाई आमच्या यादीत नाही.

माझी आई बिड्या करायची, म्हणून हे काम मी जवळून पाहिलं. तेंदूपत्ता रात्री भिजवायचा, सकाळी साच्यावर ठेवून कात्रीने कापायचा. मांडीवर सूप, सुपात जर्दा. चिमूटभर भरून वळायचं, तोंड नखाने मोडायचं, धागा बांधायचा. पंचवीस बिड्यांचा कट्टा. स्वयंपाक-पाणी उरकून दिवसाला सातशे-आठशे झाल्या तर खूप. मजुरी हजाराच्या हिशेबाने, आणि ठेकेदाराकडे छाट. वाकडी, सैल, पत्ता फाटलेली बिडी बाजूला टाकली की तिचे पैसे नाहीत. 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याखालच्या नियमांनुसार एरवी छाट अडीच टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नव्हती. म्हणजे हजारामागे 25 बिड्या. फार तर पाच टक्के, तेही कारण लेखी नोंदवून. लेखी कारण आईने कधी पाहिलं नाही. छाटीतल्या बिड्या पुढे कुठे जात, हे विचारायची पद्धतही नव्हती.

त्याच कायद्यात एक शहाणी तरतूद होती. घरी बसून बिडी करणारी बाईसुद्धा कामगार. मालकाने कच्चा माल दिला नाही, पण त्याच्या संमतीने किंवा त्याच्याशी ठरवून ती काम करत असेल, तरीही कामगारच. धंद्यात यावर पळवाट निघाली ती खरेदी-विक्रीची. पत्ता-जर्दा बाईला ‘विकायचा’, तयार बिडी तिच्याकडून ‘विकत घ्यायची’. कागदावर ती झाली छोटी व्यापारी. भाव ठरवायला मात्र तिला कोणी बोलवत नाही.

ही पळवाट मोठ्या आकड्यांतही दिसते. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात कामात असलेल्या वा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 2017-18 मध्ये 23.3 टक्के होतं, 2023-24 मध्ये ते 41.7 झालं. वाचून बरं वाटतं. पण त्याच काळात स्वयंरोजगारवाल्यांचा वाटाही सुमारे 52 टक्क्यांवरून 58 वर गेला, आणि घरच्या शेतीत, घरच्या दुकानात बिनपगारी राबणारी बाईही त्यातच मोजली जाते. मालक नसलेली माणसं वाढली, असंही हे वाचता येतं.

टाळेबंदीतला 2020 चा उन्हाळा आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. महामार्गावरून नागपूरकडून रायपूरकडे माणसं पायी चालली होती आणि गावात बिडीचं काम बंद. तिकडे मुंबईचा शेअर निर्देशांक 23 मार्चला 26 हजारांच्या खाली आला होता. 21 जानेवारी 2021 ला त्याने 50 हजार ओलांडले. दहा महिन्यांत जवळजवळ दुप्पट. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2020-21 मध्ये दिवसाला 238 रुपये होती, ती 312 व्हायला 2025-26 उजाडलं. जिल्ह्यात वरठीला पोलाद कारखाना आहे, गडेगावला गाड्यांचा, जवाहरनगरला दारूगोळ्याचा. ज्याच्या हातात पगारपत्रक, त्याची घडी बसली. बिडीवालीकडे दाखवायला पत्रक कुठलं?

2021 च्या ऑगस्टमध्ये ई-श्रम कार्ड आलं. असंघटित कामगारांसाठी, अट अशी की पीएफचा सभासद नसावा. माझ्याकडे आलेल्या एका मामीचा जुना पीएफ नंबर निघाला, माहेरच्या नावाने. म्हणजे सरकारदरबारी ती संघटित! आणि पीएफच्या कार्यालयात नाव आधारशी जुळत नाही, म्हणून पेन्शन अडलेली. बोटांचे ठसेही धड उमटेनात. “पत्ता कापू कापू बोटं घासली ना वो, आता काय दाखवू मशीनला?” म्हणाली.

समजा जुळलं, तरी मिळणार किती? सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. तीन हजार पगार आणि 18 वर्षं धरली तर 771 रुपये. किमान पेन्शन हजार आहे म्हणून हजार; 2014 च्या सप्टेंबरपासून तेवढीच. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे येतात. येऊ देत, त्यावर माझी तक्रार नाही, घरात तेल-मीठ त्यातून येतं. पण स्वतःच्या कामापोटी मालकाच्या वाट्यातून भरल्या गेलेल्या पैशाचं मोल मदतीपेक्षा पाचशेने कमी, हे मला कोणी समजावून द्यावं. शिवाय ती मदत पासष्टाव्या वर्षी थांबते.

1976 च्या कायद्याने बिडीवर उपकर होता. त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरासाठी अनुदान चालायचं. 2017 ला जीएसटी आला आणि उपकर गेला. योजनांचा खर्च आता अंदाजपत्रकातून. हक्काचा गल्ला होता, तिथे दरवर्षीची मेहरबानी आली असं मी म्हणेन. सप्टेंबर 2025 मध्ये बिडीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेंदूपत्त्यावरचा 18 वरून 5. त्यातलं हजार बिड्यांच्या मजुरीत किती उतरलं, ते बायकांनाच विचारा.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यांत गेले, 1966 चाही. नियुक्तिपत्र द्यायचं, असं आता संहितेत आहे. पण ते कोणी द्यायचं, हा घोळ आहे तिथेच आहे.

तोवर बायकांना मी एवढंच सांगते: जुनं पासबुक, ओळखपत्र चुलीत घालू नका, आणि हिशेबाच्या दिवशी ठेकेदाराच्या वहीतल्या आपल्या पानाचा फोटो काढून मला पाठवा. तारीख, दिलेला पत्ता, घेतलेल्या बिड्या, छाट, सगळं दिसलं पाहिजे. काही जणींनी सुरू केलंय. परवा एक ठेकेदार दुकानात येऊन विचारून गेला, “फोटो कायले पाहिजे तुले?”