आधी मुलांना विचारा

मोठ्या स्पर्शपडद्यावर एक जादूची बाग दिसते. तिथे अँडी नावाचा आभासी मुलगा आहे. तो फुलाकडे बोट दाखवतो. समोरच्या मुलाने फुलाला हात लावला की त्याचा बुडबुडा होतो. दुसऱ्याची नजर किंवा बोट कुठे आहे ते पाहून आपणही तिकडे बघणे ही संवादाची सुरुवातीची पायरी. अनेक स्वमग्न मुलांना तीच अवघड जाते. तिचा सराव व्हावा म्हणून ब्रिटनमधील संशोधकांनी ‘एकोज’ हा प्रकल्प उभारला आणि मुले, पालक, शिक्षक यांना रचनेत सहभागी करून घेतले.

प्रत्यक्ष वापरात कधी प्रणाली अडखळे, कधी अँडी चुके. अशा वेळी मुले शेजारी बसलेल्या संशोधकाला ते आपणहून सांगू लागली. अ‍ॅलिसा अल्कॉर्न, हेलन पेन आणि ज्यूडिथ गुड यांनी २०१३ मध्ये हे निरीक्षण मांडले: अनपेक्षित काही घडले की या मुलांना सांगण्यासारखे काही मिळते. अभियंत्याने दोष म्हणून जे काढून टाकले असते, तेच शिकण्याचे साधन ठरू शकते. मुलांकडे नीट पाहिले म्हणूनच हे उमगले.

मात्र ‘तुला कसा खेळ हवा?’ या मोघम प्रश्नाने अशी मुले गोंधळू शकतात. म्हणून बाथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये ‘आयडियाज’ ही पद्धत मांडली. आज काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, हे चित्रांच्या वेळापत्रकातून आधीच दाखवायचे आणि मग कल्पना मागायच्या. न बोलणारे मूलही मत देतेच: कशाला पुन्हा पुन्हा हात लावते, कोणत्या आवाजाला कान झाकते, कधी उठून जाते, यातून.

पालक-शिक्षकांची साक्ष मोलाची असली, तरी ती मुलाच्या अनुभवाची जागा घेऊ शकत नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये बजावले, की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. स्वमग्न व्यक्तींना समजून घेण्यात इतरही कमी पडतात. म्हणून रचनाकारांच्या चमूत स्वमग्न प्रौढही हवेत.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागाचे ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवताच बोलणारे अ‍ॅप मुले, पालक आणि थेरपिस्ट यांच्या प्रतिसादातून घडले आहे. म्हणजे आपल्याकडेही हे जमते. तेव्हा शाळेसाठी असे अ‍ॅप घेताना किंवा त्याला निधी देताना एक प्रश्न आवर्जून विचारा: हे बनवताना स्वमग्न मुले कोणत्या टप्प्यावर सोबत होती? ‘तयार झाल्यावर दाखवले’ असे उत्तर आले, तर ते पुरेसे मानू नका.