पूर ओसरल्यानंतर

नाशिककरांस गोदावरीचा पूर मापण्यास यंत्र लागत नाहीं. दुतोंड्या मारुतीच्या कमरेस पाणी लागलें कीं छातीस, यावरूनच घरोघरीं धास्ती किती बाळगावयाची तें ठरतें. 1969 चा महापूर आम्हीं लहानपणीं पाहिला. सप्टेंबर 2008 व ऑगस्ट 2016 मध्यें सराफ बाजारांत शिरलेलें पाणीहि पाहिलें. अशा वेळीं ‘गंगामाई रावरंक पाहत नाहीं’ हें वाक्य हटकून कानीं पडतें. तें खरेंच आहे. परंतु पाणी ओसरल्यावर जें घडतें, तें मात्र रावरंक पाहूनच घडतें.

2008 सालीं आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याच्या दुकानांत पुरुषभर पाणी चढलें. नुकसान मोठें, पण मालाचा विमा होता, बाजारांत पत होती. दिवाळीस दुकान पूर्ववत् उघडलें. आमच्याकडे धुणींभांडीं करणाऱ्या बाईंची नदीकाठची खोली त्याच पुरांत गेली. तींत चार भांडीं व शिवणाचें यंत्र एवढेंच होतें. रुपयांत मोजल्यास व्यापाऱ्याचें नुकसान शतपट. पण त्या यंत्रावर मुलीच्या शाळेचा खर्च भागत असे. यंत्र गेलें, सावकाराचें कर्ज आलें, आणि मुलगी शाळा सोडून आईबरोबर भांडीं घासूं लागली.

अवर्षणाचेंहि असेंच. सिन्नर-येवल्याकडे ज्याच्या विहिरीस पाणी टिकतें, त्याचा कांदा चढ्या भावानें जातो. कोरडवाहू शेतकरी बैल विकावयास नेतो, तेव्हां बाजारांत सारेच विकणारे. म्हणून बैलास भाव नाहीं. बैलांमागून जमीन जाते, आणि ती घेणारा पहिल्यापेक्षां मोठा होतो.

तथापि हें अटळ नव्हे. 1943 सालीं बंगालमध्यें मजुरांच्या हातीं पैसा नव्हता, म्हणून लाखों माणसें उपासमारीनें व रोगराईनें दगावलीं. उलट 1972 च्या दुष्काळांत महाराष्ट्र सरकारनें खडी, रस्ते व बंधारे यांचीं कामें काढलीं. मे 1973 मध्यें त्यांवर सुमारें पन्नास लक्ष मजूर होते. धान्याची तूट त्यामुळें एकट्या मजुराच्या ताटावर न पडतां मोठ्या शेतकऱ्याच्या ताटांतहि वांटली गेली, असें अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनीं दाखविलें आहे. पुढें 1977 सालीं रोजगार हमीचा कायदा झाला.

सरकारचें काम सरकार करील; घरचें काम घरानें करावें. आपल्याकडे राबणाऱ्यांचें काय वाहून गेलें, हें पूर ओसरतांच विचारावें व दोन महिन्यांचा पगार बिनव्याजी पुढें द्यावा. जन्मभर मास्तरकी करूनहि आम्हीं तें दिवाळी उलटल्यावर विचारलें. कर्ज फेडण्यास हातभार लावला. पण मुलगी शाळेंत परतली नाहीं.