पवित्र भूमीची यात्रा आणि घरी राहिलेले यात्रेकरू

पवित्र भूमीच्या यात्रेस निघालेल्या मंडळींना आशीर्वाद देण्याचा प्रसंग धर्मगुरूंवर येतो, तेव्हा निरोपास जमलेल्यांपैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न घोळत असतो. ज्यांना प्रवासखर्चाची ऐपत नाही, अथवा वार्धक्यामुळे ज्यांना घर सोडवत नाही, त्यांच्या भक्तीत काही उणे राहते काय? धर्मशिक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचे उत्तर शोधताना आरंभीच्या यात्रेकरूंनी त्या स्थळी जाऊन काय केले, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

सम्राट कॉन्स्टन्टाईन याने यरुशलेमात बांधविलेल्या पवित्र कबरेच्या मंदिराचे समर्पण ३३५ साली झाले. त्यानंतर दूरदूरच्या प्रांतांतून यात्रेकरूंची रीघ लागली. त्यांतील एजेरिया नावाच्या पाश्चात्त्य स्त्रीने ३८१ ते ३८४ या काळातील आपल्या प्रवासाचा वृत्तान्त मायदेशीच्या भगिनींसाठी लॅटिन भाषेत लिहिला. त्याची हस्तलिखित प्रत १८८४ साली इटलीतील आरेत्सो येथे सापडली. प्रतीची आरंभीची व शेवटची पाने नष्ट झाली आहेत. तथापि जे उरले आहे ते अनमोल आहे.

या वृत्तान्तात एक क्रम वारंवार आढळतो. कोणत्याही स्थळी पोहोचताच प्रथम प्रार्थना, मग पवित्र शास्त्रातील त्या स्थळासंबंधीच्या उताऱ्याचे वाचन, नंतर प्रसंगास अनुरूप स्तोत्र व पुन्हा प्रार्थना. सीनाय पर्वत ती पायी चढली. माथ्यावरच्या लहानशा मंदिरात मोशेच्या ग्रंथातील भाग वाचण्यात आला, मिस्साबली अर्पण झाला आणि तेथील मठवासीयांनी यात्रेकरूंना डोंगरावर पिकलेली फळे दिली. म्हणजे स्थळ पाहणे हा यात्रेचा अर्धाच भाग झाला. देवाचे वचन ऐकणे आणि तेथे नांदणाऱ्या ख्रिस्तसभेच्या उपासनेत सहभागी होणे, हा तिचा प्राण होता.

यरुशलेमच्या उपासनेविषयी एजेरियाने नोंदविलेली एक गोष्ट आपल्यासारख्या बहुभाषिक प्रदेशात सेवा करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. बिशप ग्रीक भाषेत बोलत आणि त्यांच्या शेजारी उभा असलेला याजक तेच सीरियाक भाषेत सांगत असे. ज्यांना केवळ लॅटिन येई, त्यांनाही ती भाषा जाणणारे बंधू-भगिनी अर्थ समजावून देत. परका यात्रेकरू न समजता परत जाऊ नये, अशी ही काळजी होती.

याच वृत्तान्तात झावळ्यांच्या रविवारचे वर्णन आहे. दुपारी सारे लोक जैतुनांच्या डोंगरावर जमत. सायंकाळ होऊ लागली की प्रभूच्या नगरप्रवेशाचे शुभवर्तमान वाचून बिशपांसह सर्वजण पायी नगरात उतरत. मुलांच्या हाती खजुराच्या किंवा जैतुनाच्या डहाळ्या असत. चालू न शकणारी बालके आईबापांच्या खांद्यांवर असत. कोणी थकू नये म्हणून मिरवणूक संथ चाले. शुभ शुक्रवारी क्रूसाच्या काष्ठाला वंदन करण्यासाठी लोक एकेक करून पुढे येत.

यात्रेकरूंनी ही उपासना आपल्या अंतःकरणात साठवून मायदेशी नेली आणि कालांतराने ती सर्व ख्रिस्तसभेची झाली. पुढे ‘क्रूसाची वाट’ या भक्तीचेही असेच घडले. तिची स्थाने चौदा असावीत, असे १७३१ साली पोप क्लेमेंट बारावे यांनी ठरवून दिले. तेव्हा आपल्या खेड्यातील जी वृद्धा दरवर्षी झावळी घेऊन देवळाभोवती चालते, ती यरुशलेमच्या वाटेवरच चालत असते. यरुशलेम तिच्या दारी आले आहे, हे तिला सांगणे आपले कर्तव्य आहे.

प्राचीन आचार्यांचा अभिप्रायही असाच आहे. निस्साचे बिशप संत ग्रेगरी यांनी स्वतः यरुशलेम पाहिल्यावर असे लिहिले की, स्थळ बदलल्याने देव अधिक जवळ येत नाही. अंतःकरण दुष्ट विचारांनी भरले असेल, तर गुलगुथ्यावर उभे राहूनही मनुष्य ख्रिस्तापासून दूरच राहतो. संत जेरोम ३८६ पासून बेथलेहेमात राहिले, तरी स्वर्गाचे द्वार यरुशलेमातून आणि ब्रिटनमधून सारखेच खुले आहे, असे त्यांनी एका मित्रास कळविले. प्रभूने शोमरोनी स्त्रीला जे शिकविले, त्याचाच हा विस्तार होय.

मग यात्रेला जाऊच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. जानेवारी १९६४ मध्ये पोप पौल सहावे स्वतः यात्रेकरू होऊन त्या भूमीत गेले. आमचे म्हणणे इतकेच की, यात्रेचे नेतृत्व करणाऱ्या धर्मगुरूंनी निघण्यापूर्वी काही आठवडे मंडळींसह त्या त्या स्थळाचे शास्त्रभाग वाचावेत. स्थळी पोहोचल्यावर छायाचित्रांची घाई आवरून वाचन, स्तोत्र व प्रार्थना हा क्रम पाळावा, आणि एका रविवारी तरी तेथील स्थानिक ख्रिस्ती बांधवांबरोबर उपासना करावी.

हे बांधव पवित्र भूमीचे जिवंत दगड आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर यात्रेकरूंचे येणे जवळजवळ थांबले आणि बेथलेहेमात जैतुनाच्या लाकडाच्या कोरीव कामावर किंवा यात्रेकरूंच्या निवासव्यवस्थेवर पोट भरणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांवर बिकट प्रसंग ओढवला. पवित्र भूमीसाठी शुभ शुक्रवारी दान गोळा करण्याचे आवाहन पोप पौल सहावे यांनी १९७४ साली पुन्हा केले होते, त्याचे मोल अशा वेळी कळते. ज्याला विमानाचे भाडे परवडत नाही, त्यालाही दानपेटीत एक नाणे टाकता येते. आणि ते नाणे यरुशलेमला पोहोचते.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. घरी राहिलेल्याच्या भक्तीत काही उणे नाही. मात्र वचन, उपासना व बंधुप्रेम ही तिन्ही त्याच्या ठायी असावीत. आणि जो जाऊन आला, त्याच्या ठायीही हीच तीन नसतील, तर त्याने प्रवास केला, यात्रा मात्र घडली नाही.