मागील आस, जुन्या मोटारगाडीचा : बदली निवड

मोटारगाडीच्या मागील चाकांना जोडणारा व त्या बाजूचा भार पेलणारा भाग म्हणजे मागील आस होय. व्यवहारात त्याला ‘ॲक्सल’ म्हणतात. ज्या गाड्यांत एंजिन पुढे व चालना मागील चाकांना असते, त्यांत आसाच्या कवचात मुकुटचक्र व पिनियन ही दातेरी चाकांची जोडी, वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल आणि दोन अर्धदंड असतात. जुन्या गाडीचा आस निकामी झाल्यास बदली आस निवडताना त्याच्या मजबुतीपेक्षा त्याचा मूळ रचनेशी असलेला मेळ अधिक महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत उद्भवतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने १९६४ पासून मुंबईतील कुर्ला येथे बनविलेली फियाट ११०० डी हीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने २००० च्या सुमारापर्यंत निघत होती. हिचा आस कमानपाट्यांवर बसविलेला असून गाडीला स्वतंत्र सांगाडा नाही. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेल्या व त्यांच्यामुळे टिकून राहिलेली सुट्या भागांची मागणीही ओसरली.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात मोटारगाड्यांचे मोठे उत्पादन होत असले, तरी तेथील बहुतेक नव्या गाड्यांचे आस या कामी उपयोगी पडत नाहीत. पिंपरी येथे १९९८ पासून बनलेली टाटा इंडिका व चाकण येथे २००९ पासून बनलेली फोक्सवॅगन पोलो यांच्या पुढील चाकांना चालना असल्याने मागील बाजूस डिफरन्शियल नसते. १९९४ मध्ये आलेल्या टाटा सुमोच्या मागील चाकांना चालना असली, तरी तिचा आस पद्मिनीच्या मानाने रुंद व जड आहे. कमानपाट्यांनी न पेललेले वजन वाढले की, खड्ड्यांत चाक रस्त्याला धरून राहत नाही. आसाचे कवच कापून व जोडून रुंदी कमी केल्यास उष्णतेने ते वाकण्याचा संभव असतो.

निवडीपूर्वी पुढील मापे जुळवावी लागतात : दोन्ही चाकांच्या टेकण पृष्ठांमधील अंतर, कमानपाट्यांच्या बैठकांमधील अंतर, पिनियनाचे मध्यापासूनचे स्थान व कल, प्रेषणदंडाच्या जोडाचे माप, चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ आणि ब्रेकच्या ड्रमचे माप.

मुकुटचक्राच्या दात्यांच्या संख्येला पिनियनाच्या दात्यांच्या संख्येने भागले असता आसाचे गुणोत्तर मिळते. ३९ व ८ दात्यांच्या जोडीचे गुणोत्तर ४.८७५, तर ४३ व १० दात्यांच्या जोडीचे ४.३ येते. चाकाचा परीघ १.८५ मी. धरल्यास ताशी ६० किमी. वेगाला सर्वोच्च गिअरमध्ये, म्हणजे एंजिन व प्रेषणदंड सारख्याच गतीने फिरत असताना, पहिल्या जोडीने एंजिनाचे मिनिटाला सु. २,६३५ व दुसरीने सु. २,३२५ फेरे होतात. कमी गुणोत्तराने इंधन वाचते, परंतु घाट चढताना ओढ कमी पडते. शिवाय वेगदर्शकाला गती गिअरपेटीतून मिळत असल्यास वरील बदलानंतर ताशी ६० किमी. वेग असताना काटा सु. ५३ दाखवितो. हे लक्षात न आल्यास चालक नकळत मर्यादेबाहेर जातो.

मुकुटचक्र व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली असतात, म्हणून ती जोडीनेच बदलतात. बसविताना दात्यांना रंग लावून त्यांच्या स्पर्शाची खूण तपासतात. लहान गाड्यांत बहुधा अर्ध-प्लावी प्रकारचा आस असतो. त्यात चाकाचा भार अर्धदंडावरच येतो व दंड तुटल्यास चाक निखळू शकते. यासाठी जुन्या दंडांना बारीक भेगा आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. मूळ कवच शाबूत असल्यास ते ठेवून केवळ आतील चक्रे, बेअरिंगे व तेलरोधक बदलणे हा सर्वांत सुरक्षित उपाय होय.

या निवडीला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मात्र ती मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिचा सांगाडा, बाह्यांग वा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पद्मिनीसारख्या गाडीत कमानपाट्यांचे आधार बाह्यांगालाच जोडलेले असल्याने परका आस बसविण्यासाठी ते कापल्यास ही नोंदणी धोक्यात येऊ शकते.